हाड बारीक म्हणजे ठिसूळ नव्हे

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ४३. जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. उंची १६२ सेंमी, वजन ५७ किलो. कंबर धरते म्हणून हाडांचा डेक्सा स्कॅन केला. खुब्याचा टी-स्कोअर उणे २.५ आणि झेड-स्कोअर उणे १.८ आला. तिथं म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, इंजेक्शनं सुरू करा. शाळेतले एक सर म्हणतात, आपल्या लोकांची हाडं गोऱ्यांपेक्षा मुळातच कच्ची. हे खरं आहे का?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : गुरुजी, इंजेक्शनाची घाई करू नका. आधी घरी एक करून बघा. कोरा चहा थोडा बशीत ओता, उरलेला पेल्यात राहू द्या आणि दोन्हींत वरून डोकावा. बशीतला फिकट दिसेल, पेल्यातला काळपट. चहा मात्र एकाच पातेल्यातला. डेक्साचं यंत्र असंच वरून बघतं. हाड किती जाड आहे हे त्याला कळत नाही. एका चौरस सेंटीमीटरमागे किती ग्रॅम खनिज, एवढंच ते सांगतं. त्यामुळे बारीक चणीच्या माणसाचं धडधाकट हाडही त्यात विरळ दिसतं.

आपल्या पुरुषांची हाडं सरासरीनं लहान असतात, म्हणून आकडा खाली येतो. आकाराचा हिशेब धरला की गोऱ्यांशी असलेला फरक बराचसा मिटतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांचा आकडा गोऱ्यांहून वरचा असतो आणि त्यांचे खुबे कमी मोडतात. पण तिथल्या आशियाई पुरुषांचा आकडा खालचा असूनही त्यांचेही खुबे गोऱ्यांपेक्षा कमीच मोडतात. तेव्हा 'मुळातच कच्ची' हे मनातून काढा.

शिवाय टी-स्कोअर म्हणजे तरुण, धडधाकट माणसांच्या हाडाशी तुलना. त्यातली हाड ठिसूळ ठरवणारी उणे २.५ ची रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये आखली ती पाळी गेलेल्या गोऱ्या बायकांसाठी. पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला ती लावत नाहीत. तुमचा झेड-स्कोअर, म्हणजे तुमच्याच वयाच्या माणसांशी तुलना, बघायचा, आणि तो उणे २ च्या वर आहे. वयाच्या मानानं तो ठीक आहे.

माझे वडील परभणीच्या मोंढ्यात हमाल होते. उंची पाच फूट तीन इंच, मनगट एवढंसं. त्याच अंगावर क्विंटलचं पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. लहानपणी मी ती फळी वाकताना बघायची आणि जीव मुठीत धरायची. त्यांचं हाड कधी मोडलं नाही. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण ओझं पेलूनच हाड घट्ट होतं हे खरं आहे. तुम्ही मात्र मोटारसायकलवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून मोटारसायकलवर. कंबरेचं दुखणं तपासून घ्या आणि मग रोज जिने चढा, वजन उचला.

मला खरी काळजी तुमच्या पोटाची आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. दोघांनी आपला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. आपल्याकडे हातपाय काटकुळे, स्नायू कमी आणि चरबी पोटात, असे पुरुष मी रोज तपासते. तुमचा बीएमआय २१.७ म्हणजे उत्तम, पण पोटाचा घेर तुम्ही लिहिलाच नाही. टेपनं मोजा. ९० सेंमीच्या वर असेल तर आधी साखर तपासा.

प्रौढाला रोज हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ज्वारीच्या भाकरीत ते फारसं नसतं. तिच्यासोबत तिळाची चटणी आणि वाटीभर दही घ्या. सकाळचं कोवळं ऊन व्हिटॅमिन डीसाठी जवळजवळ कामाचं नाही. हिवाळ्यात अकरा ते दोनमध्ये थोडा वेळ उघड्या हातांनी उन्हात बसा, आणि रक्तातलं व्हिटॅमिन डी एकदा मोजून घ्या.

एक गोष्ट मात्र खरी सांगा. कंबरेसाठी कुणाकडून पुड्या घेतल्या होत्या का? अशा पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड असतं आणि ते हाड पोखरतं. घेतल्या असतील तर एकदम बंद करू नका. उरलेल्या पुड्या घेऊन आधी डॉक्टरांना दाखवा.