वाचकांचे प्रश्न : पेट्रोलचा काटा अर्ध्या टाकीलाच का कोसळतो?

प्रश्न : माझ्याकडे 1998 सालची कार्ब्युरेटरची मारुती 800 असून ती अजूनही रोज सहकारनगर ते हडपसर धावते. टाकी भरली की पेट्रोलचा काटा व्यवस्थित वर जातो आणि पाऊण टाकीपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. मात्र अर्ध्याच्या आसपास आला की तो सावकाश रिकाम्याच्या खुणेवर उतरतो. खराब रस्ता लागला की काही वेळाने आपोआप पुन्हा चढतो. टाकी पावभर उरली की काटा पुन्हा बरोबर दाखवू लागतो. गॅरेजमध्ये मीटर बदलून दिले, तरी फरक पडला नाही. आता टाकी बदलण्याचा सल्ला मिळत आहे. तो मानावा का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : टाकी बदलण्याचे कारण आपल्या पत्रात तरी दिसत नाही, आणि मीटर बदलण्याचेही नव्हते. आपण दोष जितक्या बारकाईने लिहिला आहे, तितक्या बारकाईने तो ऐकून घेतला असता तर हा खर्च टळला असता.

टाकीत एक फ्लोट पेट्रोलवर तरंगत असतो. त्याच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला असलेला छोटा संपर्क रोधाच्या, म्हणजे विजेला अडथळा करणाऱ्या, तारेच्या गुंडाळीवरून घासत सरकतो; हा अडथळा ओहममध्ये मोजतात. सुझुकीच्या त्या काळातील गाड्यांत टाकी भरलेली असताना हा रोध साधारण 3 ओहम, अर्ध्यावर तिशीच्या घरात आणि रिकामी असताना सुमारे 110 ओहम असतो. म्हणजे रोध वाढला की काटा खाली येतो आणि जोडणी पूर्ण तुटली की तो थेट रिकाम्यावर जातो. आपल्या गाडीत नेमके हेच घडत आहे, परंतु फक्त एकाच पातळीला. वायर किंवा कनेक्टर सैल असता तर काटा कोणत्याही पातळीला, अगदी टाकी काठोकाठ भरलेली असतानाही पडला असता. तो ठरावीक जागीच पडतो, याचा अर्थ गुंडाळीचा तेवढा भाग झिजला आहे किंवा त्यावर थर साचून संपर्क सुटत आहे. शहरात थोडे थोडे पेट्रोल भरत फिरणाऱ्या गाड्यांचा फ्लोट वर्षानुवर्षे मधल्याच पट्ट्यात हलत राहतो, त्यामुळे झीजही तेथेच होते. खड्ड्यात गाडी हादरली की संपर्क जागचा हलतो आणि काटा परत चढतो.

तरीही टाकीचे युनिट, म्हणजे फ्लोट, दांडी व गुंडाळी यांचा संच, काढण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी, कारण तिने दोष टाकीकडचा की मीटरकडचा हे काही मिनिटांत कळते. युनिटकडे जाणारा कनेक्टर सोडवावा, मीटरकडून येणाऱ्या वायरला 12 व्होल्टचा, तीन-चार वॉटचा छोटा बल्ब जोडून त्याचे दुसरे टोक गाडीच्या स्वच्छ पत्र्याला लावावे आणि मग चावी चालू करावी. काटा भरलेल्याच्या दिशेने चढू लागला आणि बल्ब काढताच खाली उतरला, तर मीटर व वायर दोन्ही ठीक आहेत. बल्ब न लावता वायर सरळ पत्र्याला टेकवण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते. ती मला पसंत नाही, कारण चावी चालू केल्यावर काटा सावकाश चढणाऱ्या जुन्या मीटरमध्ये द्विधातूची (दोन धातू जोडलेली, तापली की वाकून काटा हलवणारी) पट्टी तापवणारी बारीक तार असते आणि जास्त प्रवाहाने तीच जळू शकते. शिवाय ही जोडणी टाकीजवळ आहे. ठिणगी उडेल असे काहीही तेथे करू नये.

दुसरी शक्यता अर्थिंगची, म्हणजे युनिटची वीज गाडीच्या पत्र्यातून परत नेणाऱ्या जोडणीची, आहे. आपल्या लक्षणांशी ती जुळत नाही, पण इतर वाचकांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. पावसाळ्यात गाडीखाली चिखल बसून अर्थिंगच्या जोडाला गंज चढतो आणि रोधात समजा 10 ओहमची भर पडते. रिकाम्या टाकीच्या 110 ओहममध्ये ही भर जाणवतही नाही, परंतु भरलेल्या टाकीच्या 3 ओहमचे 13 होतात. त्यामुळे ज्या गाडीचा काटा रिकाम्याला बरोबर असतो पण टाकी गच्च भरूनही पूर्ण चढत नाही, तिचा अर्थिंगचा जोड आधी घासून स्वच्छ करावा.

आता युनिट काढण्याविषयी. कार्ब्युरेटरच्या 800 मध्ये पेट्रोलचा पंप इंजिनवर असतो, टाकीत नव्हे, त्यामुळे टाकीत फक्त हे फ्लोटचे युनिट असते आणि काम एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीपेक्षा सोपे होते. टाकीत पेट्रोल शक्य तितके कमी असताना, मोकळ्या हवेत, बॅटरीची ऋण जोडणी सोडवूनच ते करावे. सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये हे काम कदापि करू नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळघरात जमिनीलगत साचून राहते. युनिट बाहेर काढून उघड्यावर पूर्ण वाळू द्यावे, मल्टिमीटर (रोध, व्होल्टेज मोजण्याचे छोटे यंत्र) ओहमवर ठेवून तो युनिटला जोडावा आणि दांडी अगदी हळू फिरवावी. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच तो नाहीसा झाला तर निदान पक्के झाले. थर साचला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापडाने तो निघतो. पॉलिश पेपर लावू नये, कारण ती तार केसासारखी बारीक असते. तार झिजलीच असेल तर संपर्काची पट्टी किंचित वाकवून तो शेजारच्या न झिजलेल्या रेषेवरून सरकेल असे करता येते. हा उपाय काही काळ चालतो, कायमचा नव्हे.

नवे युनिट नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत शोधावे. खोक्यावर काय छापले आहे यावर विसंबू नये. मल्टिमीटर सोबत न्यावा आणि दांडी वर-खाली करून दोन्ही टोकांचे आकडे तेथेच पाहावेत. जुन्या बाजारातून वापरलेले युनिट घेणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय पैसे देऊच नयेत. बसवताना रबरी गॅस्केट नवे घालावे आणि ते इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे असावे.

तोवर किलोमीटरचा आकडा वहीत लिहून गाडी चालवावी. टाकी सुमारे 28 लिटरची आहे; शहरात लिटरला 14 किलोमीटर धरले तरी 390 किलोमीटर होतात, म्हणून 250 झाले की पेट्रोल भरावे. टाकी अगदी तळाला जाऊ दिली तर तळाचा गाळ कार्ब्युरेटरकडे ओढला जाण्याची भीती असते.

प्रश्न : आमच्या जुन्या डिझेल जीपमध्ये डिझेलचा आणि इंजिनच्या तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच वेळी वर जाऊन बसतात. रेडिएटर तर ठीक आहे. दोन्ही युनिट बदलावीत का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : दोन युनिट एकाच दिवशी आणि एकाच दिशेने बिघडणे फार दुर्मीळ आहे. अशा वेळी दोघांचे जे सामाईक आहे तेथे पाहावे. जुन्या गाड्यांत मीटरच्या मागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो आणि दोन्ही काट्यांना वीज त्याच्याकडून मिळते. त्याचे अर्थिंग त्याच्या पत्र्याच्या डबीतून होते. डबीचा स्क्रू सैल झाला किंवा गंजला की तो बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज पुढे सोडतो आणि दोन्ही काटे चढतात. आधी तो स्क्रू काढून, घासून घट्ट बसवावा. स्टॅबिलायझर मोजायला गेल्यास मल्टिमीटरवरील आकडा सतत उडताना दिसेल. जुन्या पद्धतीचा स्टॅबिलायझर वीज तोडून-जोडूनच सरासरी राखतो, त्यामुळे तेवढ्यावरून त्याला बाद ठरवू नये. नवा घेताना त्याच व्होल्टेजचा घ्यावा.

प्रश्न : सासवडला जाताना दिवे घाट चढताना पेट्रोलचा काटा खाली येतो आणि परतताना उतारावर वर जातो. हा बिघाड आहे का?
– एक वाचक, फुरसुंगी

उत्तर : नाही. चढावर पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला सरकते. आपल्या गाडीतील फ्लोट टाकीच्या पुढच्या भागात असावा, म्हणून त्याच्याजवळची पातळी तेवढ्यापुरती उतरते. सपाट रस्त्यावर गाडी काही मिनिटे उभी करून जो आकडा दिसेल तोच खरा मानावा. मात्र सपाटीवरही, टाकी भरलेली असताना, काटा रिकाम्यावरच पडून राहत असेल आणि वरची बल्बची चाचणी ठीक आली असेल, तर फ्लोटला छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरले असण्याची शक्यता मोठी आहे. काढलेला फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले तर तो बदलावा. पितळी फ्लोटला डाग देऊन छिद्र बुजवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु आत पेट्रोल किंवा त्याची वाफ असताना त्याला उष्णता देणे अतिशय धोक्याचे आहे.