पहिली निविदा भरण्यापूर्वी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले आहे, आता जिल्हा परिषदेच्या साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाच्या, कामाची निविदा भरायची आहे आणि सूक्ष्म उद्योग म्हणून बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) माफ होईल, असे तू लिहिले आहेस. तुझ्या उमेदीचे मला मनापासून कौतुक आहे. मात्र बयाण्याविषयीची तुझी समजूत चुकीची आहे, आणि हे पहिला, म्हणजे कागदपत्रांचा, लिफाफा उघडून निविदा अपात्र ठरल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेले बरे, म्हणून लगेच लिहायला बसलो आहे.

ज्या सवलतीबद्दल तू ऐकले आहेस ती खरी आहे. केंद्र सरकारचे सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचे सार्वजनिक खरेदी धोरण २०१२ पासून लागू आहे. केंद्रीय मंत्रालये, खाती आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीतील किमान २५ टक्के वाटा अशा उद्योगांकडून घ्यावा, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून असावेत, असे ते सांगते. निविदा संच विनामूल्य मिळतो, बयाणा माफ होतो, आणि तुझा देकार, म्हणजे तू भरलेला दर, सर्वांत कमी देकारापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी त्या कमी दराला यायची तयारी दाखवल्यास पुरवठ्याचा काही भाग तुला मिळू शकतो. पण हे धोरण वस्तू आणि सेवा यांच्या खरेदीसाठी आहे. बांधकामाचा ठेका, ज्याला कार्यालयात वर्क्स कॉन्ट्रॅक्ट म्हणतात, त्यात बसत नाही. शिवाय जिल्हा परिषद हे केंद्राचे खाते नव्हे. तेव्हा साकवाच्या निविदेत बयाण्याविषयी जे कलम लिहिले असेल तेच प्रमाण मानायचे.

हाच भेद पुढे बिलाच्या वेळीही आडवा येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते आणि त्यासाठी याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. बांधकामाच्या ठेक्यांना मात्र हा कायदा लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. रखडलेल्या बिलांपायी आपल्या भागातली किती तरुण मुले या धंद्यातून बाहेर पडली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून ही गोष्ट मी पुनःपुन्हा सांगतो.

माझ्या मते यावरचा उपाय म्हणजे तुझ्या उद्योगाला दोन पाय असावेत. एक पाय ठेक्याचा आणि दुसरा उत्पादनाचा. पेव्हर ब्लॉक, गटारांवरची काँक्रीटची झाकणे, लहान व्यासाचे पाइप यांचा कारखाना पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून उभा करता येतो. उत्पादन प्रकल्पासाठी त्यात ५० लाखांपर्यंतचा खर्च धरला जातो आणि ग्रामीण भागातल्या महिला उद्योजिकेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे. त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा. तिथून निघणारा माल ही वस्तू आहे. तो कोकण रेल्वेसारख्या केंद्राच्या उपक्रमाला विकताना वरच्या सगळ्या सवलती तुझ्या हक्काच्या आहेत. शिवाय पावसाळ्यात, जेव्हा ठेक्याची कामे बंद असतात, तेव्हा शेडखाली ब्लॉक पाडता येतात आणि चार माणसांची मजुरी सुटते.

ठेक्याच्या बाजूने मदत राज्याच्या नियमांतून मिळते. ठरावीक रकमेपर्यंतची शासकीय बांधकामे वाटताना काही वाटा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, काही मजूर सहकारी संस्थांना आणि उरलेला खुल्या नोंदणीकृत ठेकेदारांना, अशी आपल्याकडची जुनी विभागणी आहे. तू स्थापत्य पदविकाधारक आहेस, तेव्हा तुझे खरे दार हे आहे. रकमेची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून सध्याचा शासन निर्णय बांधकाम विभागातून मागून घे आणि त्याची प्रत स्वतः वाच. नोंदणी झाली की कोणीतरी घरी येईल, गोड बोलेल, आणि ‘नाव तुमचे, काम आमचे, टक्का घरबसल्या’ असा प्रस्ताव ठेवेल. त्याला दारातूनच परत पाठव. काम कोणीही केले तरी दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे काम संपल्यावर दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर असते त्या मुदतीत, भिंतीला तडा गेला तर नोटीस तुझ्या नावाने येते, आणि काळ्या यादीत नावही तुझेच जाते. ही सवलत ज्यांच्यासाठी आहे त्यांनीच ती भाड्याने दिली, तर उद्या ती बंद करायला कारण मिळेल, याचे मला फार वाईट वाटते.

आता साकवाकडे येतो. निविदा बहुधा बी-१ नमुन्यात, म्हणजे अंदाजपत्रकीय रकमेपेक्षा इतके टक्के कमी किंवा जास्त अशी असेल. आकडा टाकण्याआधी अंदाजपत्रकात खडीचा आणि वाळूचा लीड, म्हणजे वाहतुकीचे अंतर, किती धरला आहे ते पाहा आणि मग मोटारसायकलने त्या खाणीपर्यंत खरोखर जाऊन किलोमीटर मोज. घाटातला फेरा, दहा चाकी गाडी न वळणारी वाडीची पाखाडी (अरुंद दगडी वाट), शेवटच्या शंभर मीटरवर डोक्यावरून वाहून न्यावी लागणारी खडी, यांपैकी काहीही दरसूचीत दिसत नाही. खाडीतली हातपाटीची वाळू जवळ आणि स्वस्त पडते म्हणून लोखंडाच्या काँक्रीटमध्ये वापरू नकोस. त्यातल्या मिठाने गज गंजतात आणि काही वर्षांत स्लॅबचे पापुद्रे निघू लागतात. कार्यारंभ आदेश फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती पडतो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो, हेही मनात धरून आकडा ठरव. वीस-पंचवीस टक्के कमी दराने काम घेणाऱ्यांच्या मागे लागू नकोस.

माझ्या पहिल्या साकवाची हकीकत तुला सांगायची राहिली होती. पायाच्या खोदाईत दोन हातांवर काळा कातळ लागला. अंदाजपत्रकात तिथे मुरूम धरलेला. कातळ फोडायला कॉम्प्रेसर लावला, आठ दिवस आणि बराच पैसा गेला, आणि मे महिना सरत आल्याच्या घाईत मी शाखा अभियंत्यांना मोजमापासाठी बोलावण्याआधीच पायाच्या खड्ड्यात काँक्रीट ओतून माती लोटली. बिलाच्या वेळी कठीण खडकाची खोदाई मागितली, तेव्हा त्यांनी मोजमाप पुस्तिका माझ्यासमोर उघडी धरली. त्या पानावर कातळाची नोंद नव्हती, आणि जमिनीखाली गेलेला कातळ कोणी पाहिलेला नव्हता. पैसे मिळाले ते मुरमाच्या दराने. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून झाकले जाणारे कोणतेही काम, मग तो पाया असो की लोखंडाची बांधणी, मोजून, सही घेऊन आणि फोटो काढूनच मी झाकत आलो. तू पहिल्या दिवसापासून तसेच कर आणि खडक लागला की त्याच दिवशी लेखी कळव.

पैशाचे गणित थोडक्यात सांगतो. दहा लाखांच्या बिलातून आयकराचे १ टक्का, कामगार कल्याण उपकराचा १ टक्का आणि करार अडीच लाखांवरचा असल्याने जीएसटीच्या उगमकपातीचे (टीडीएसचे) २ टक्के, म्हणजे चाळीस हजार हातात येण्याआधीच वळते होतात. सुरक्षा ठेव आणि खडी-वाळूसारख्या गौण खनिजाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) वेगळे. खडी-वाळूच्या वाहतूक पासांच्या पावत्या जपून ठेवल्यास स्वामित्वधनाची कपात टळते. पुढे काम वाढून खेळते भांडवल किंवा बँक हमी लागली, तर बँकेत सीजीटीएमएसई या पतहमी योजनेचा उल्लेख कर. तिच्यात तारणाशिवाय कर्ज देता येते आणि एप्रिल २०२५ पासून तिची कमाल मर्यादा १० कोटी झाली आहे. शाखाधिकारी तरीही आजोबांच्या आंब्याच्या बागेची कागदपत्रे मागतील. नम्रपणे, पण लेखी अर्जातच या योजनेचे नाव लिही, म्हणजे नकारही त्यांना लेखी द्यावा लागेल.

निविदा ऑनलाइन सादर करण्याची मुदत संपायला दहा दिवस आहेत, असे तू लिहितेस. डिजिटल स्वाक्षरी आजच तपासून घे. शेवटच्या संध्याकाळी संकेतस्थळ आणि आपल्याकडची वीज, दोन्हींचा भरवसा नसतो. येत्या रविवारी अंदाजपत्रकाची छापील प्रत, नकाशा आणि खाणीपर्यंतचे तू मोजलेले अंतर घेऊन घरी ये. आपण प्रत्येक बाब हाताने मांडू आणि मगच टक्का ठरवू.

तुझा,
काका