शंभर दिवसांचं सरकार आणि तुमची पत्रं (मार्च २०२०)

मागच्या अंकात मी विचारलं होतं, की उद्धव ठाकरेंच्या नव्या सरकारबद्दल तुमच्याकडे काय बोललं जातं ते कळवा. पत्रं भरपूर आली. माझी सगळी नोकरी जिल्हा बँकेत गेली हे तुम्हाला ठाऊक असल्यामुळे त्यातली निम्मीअधिक कर्जाचीच निघाली! पाच घेते.

प्रश्न (बार्शी): आम्ही युतीला मत दिलं होतं. निकालानंतर महिनाभर जे चाललं त्यात आमचं मत गेलं कुठं? आता शंभर दिवसांचं कौतुक आम्ही का ऐकायचं?

उत्तर: दादा, ऐकू नका, पण तुमचा राग नेमका कशावर आहे ते एकदा बघा. २४ ऑक्टोबर २०१९ ला भाजपचे १०५ आणि शिवसेनेचे ५६ आले, म्हणजे युतीला बहुमत होतं. तरी राष्ट्रपती राजवट लागली, २३ नोव्हेंबरला फडणवीस आणि अजित पवारांचा पहाटेचा शपथविधी झाला आणि २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, तेही काँग्रेस आणि राष्ट्रवादी या दोन्ही काँग्रेसना बरोबर घेऊन. ज्याने युती म्हणून बटण दाबलं त्याला फसवल्यासारखं वाटणारच. मात्र हा राग सरकार आलं कसं यावरचा आहे, ते चाललंय कसं यावरचा नाही. आलेल्या पत्रांचे मी दोन गठ्ठे केले, तर ‘आलं कसं’चा जाडजूड झाला आणि ‘चाललंय कसं’चा अगदीच बारीक.

कामाचं म्हणाल तर पहिले बत्तीस दिवस मुख्यमंत्री धरून सात जणांचं मंत्रिमंडळ होतं. विस्तार झाला ३० डिसेंबरला आणि खातेवाटप ५ जानेवारीला. म्हणजे शंभरातला तिसरा हिस्सा खुर्च्या मांडण्यात गेला, आणि याबद्दल मात्र तुमच्या पत्रात एक ओळ नाही. शंभर दिवसांच्या निमित्ताने मुख्यमंत्री ७ मार्चला अयोध्येला जाऊन आले, ते तुमच्यासारख्यांची समजूत काढायलाच, असं माझं मत.

प्रश्न (वाशीम जिल्हा): सोसायटीचं पीककर्ज ३० सप्टेंबरला व्याजासकट २ लाख ९ हजार निघालं. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याचं १ लाख ९२ हजार होतं, तो कर्जमाफीत सुटला. नऊ हजारांपायी मी बाहेर. गावात लोक विचारतात, सरकार कसं आहे? काय सांगू?

उत्तर: जे झालं ते सांगा. निवडणुकीत शब्द ‘सातबारा कोरा’चा, म्हणजे सगळंच कर्ज माफ, असा होता. नागपूरच्या अधिवेशनात २१ डिसेंबरला घोषणा झाली ती दोन लाखांच्या मर्यादेची, तीही १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेल्या पीककर्जापुरती. मुद्दल आणि व्याज मिळून दोन लाखांच्या वर गेलं की माणूस अख्खा बाहेर, दोन लाखांपुरताही आत नाही. तुमच्या बाबतीत कर्ज कमी-जास्त नव्हतं, व्याज चढलं होतं. कारकुनाला ही रेघ सोपी वाटते, बांधावर ती अशीच बोचते.

तरी एका गोष्टीचं श्रेय देते. २०१७ च्या कर्जमाफीत नवरा-बायकोला जोडीने केंद्रावर नेऊन अर्ज भरून घेतले होते. रात्र रात्र रांगा लागल्या होत्या. या वेळी अर्ज नाही. बँकांनी माहिती दिली, यादी लागली, आपला विशिष्ट क्रमांक घेऊन जायचं, आधारसाठी अंगठा लावायचा, रक्कम मान्य म्हणायची, संपलं. २४ फेब्रुवारीला पहिली यादी ६८ गावांची लागली, तेव्हा जवळच्या अशा एका गावी मी मुद्दाम गेले होते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या कागदावर माणसं आधी आपलं नाव शोधत, मग बोट खाली-वर सरकवत भावकीत कोणाला किती सुटले ते वाचत. आपले सुटल्याचा आनंद जेमतेम चहापुरता होता. ‘त्याचे जास्त कसे?’ हा विषय संध्याकाळपर्यंत पुरला. एक म्हातारे गृहस्थ मशीनवर अंगठा उमटेना म्हणून तो धोतराला पुसत होते. शेवटी दुसऱ्या बोटावर भागलं. मुख्यमंत्री कोण, कोणाबरोबर बसले, यावर त्या दिवशी तिथे कोणी अवाक्षर काढलं नाही.

आता तुमच्या कामाचं. ६ मार्चच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अजित पवारांनी सांगितलंय, की दोन लाखांवरची रक्कम शेतकऱ्याने भरली तर सरकार दोन लाख देईल. नियमित फेडणाऱ्यांनाही पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन. ऐकायला बरं आहे. पण शासन निर्णय हातात पडेपर्यंत नऊ हजारांसाठी सावकाराच्या दारात जाऊ नका. २०१७ मध्येही दीड लाखावरचे आधी भरा असंच होतं. वरचे पैसे कुठून आणायचे, इथेच कित्येक जण अडकलेले मी काउंटरच्या आतून पाहिलेत. आणि सोसायटीच्या गटसचिवाकडून ३० सप्टेंबरचा खातेउतारा आजच मागून घ्या. व्याजाची आकारणी तपासा. चूक निघाली तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाते.

प्रश्न (नाशिक): दहा रुपयांची शिवभोजन थाळी म्हणजे नुसता देखावा, असं आमच्या घरी म्हणतात. मला तसं वाटत नाही. तुम्हाला?

उत्तर: ताई, मी जेवून आले. तीस-तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. कष्टकऱ्याचं पोट त्यात भरत नाही. माझ्या पुढच्या हमालाने तिसरी पोळी मागितली आणि ती मिळाली नाही. पण शहरात एका थाळीमागे सरकार चाळीस रुपये घालतं, आणि ते ज्याच्या ताटात पडतात तो तिथेच बसून खातो. रुग्णालयाजवळच्या केंद्रावर पेशंटचे नातेवाईक जास्त दिसले. अडचण वेळेची आणि संख्येची. बारा ते दोन, आणि ठरलेल्या थाळ्या संपल्या की संपल्या. पाऊणच्या सुमाराला आलेला परत जात होता. १९९५ च्या युती सरकारची एक रुपयातली झुणका-भाकर आठवते ना? पुढे त्या टपऱ्यांवर झुणका-भाकर सोडून सगळं मिळू लागलं. देखावा आहे की नाही ते दोन वर्षांनी विचारा.

प्रश्न (सातारा): सरकारी नोकरांना सगळे शनिवार सुट्टी, आम्हाला पेट्रोलवर वाढीव रुपया. हाच का न्याय?

उत्तर: रुपयाबद्दल तुमच्या बाजूने. शनिवारबद्दल अर्धी. दुसरा-चौथा शनिवार आधीही बंदच होता, आणि आता कचेरी पावणेदहा ते सव्वासहा आहे. सव्वापाचला साहेब जागेवर सापडतात का ते बघून मला लिहा. मात्र शेतकरी यादीकडे डोळे लावून बसलेला असताना १२ फेब्रुवारीलाच हा निर्णय घ्यायची काय घाई होती, हे मलाही कळलेलं नाही. पारावर जितक्या शिव्या या एका निर्णयाने खाल्ल्या, तितक्या मुंबईतल्या आरेच्या मेट्रो कारशेडला दिलेल्या स्थगितीनेही खाल्ल्या नसतील.

प्रश्न (पुणे, महाविद्यालयीन विद्यार्थी): जिल्हा परिषदांच्या निकालावरून लोकांचा कौल कळतो का? आणि हे तीनचाकी सरकार टिकेल का?

उत्तर: जानेवारीत नागपूर काँग्रेसकडे गेलं, धुळे भाजपकडे, अकोल्यात वंचित बहुजन आघाडीची सरशी झाली. कुठे तिघे एकत्र, कुठे एकमेकांसमोर उभे. यातून एक कौल काढून दाखवणाऱ्याकडे तो आधीपासून तयार असतो. तीनचाकीचं म्हणशील, तर मुख्यमंत्र्यांनी नागपुरात सांगूनच टाकलं, गरिबाला रिक्षा परवडते, बुलेट ट्रेन नाही. टाळ्या मिळाल्या. पुढे भीमा-कोरेगावशी जोडलेल्या एल्गार परिषद प्रकरणाचा तपास केंद्राच्या एनआयए या तपास संस्थेकडे देण्यावरून शरद पवारांनी जाहीर नाराजी दाखवली, तेव्हा सगळ्यांनी मोडलंच म्हणून बातम्या केल्या. १९९९ मध्ये दोन्ही काँग्रेस एकमेकांविरुद्ध लढून मग एकत्र बसल्या, तेव्हाही आमच्या बँकेत ‘सहा महिने’ अशा पैजा लागल्या होत्या. ती जोडी कुरकुरत पंधरा वर्षं राहिली. मुख्यमंत्री तेवढे बदलत गेले. त्यात दोनच पक्ष होते, इथे तीन आहेत. मी या वेळी पैज लावत नाही.