पक्षी ओळखता येत नसतील तर हिवाळ्यातल्या पक्षीगणनेला जाता येतं का?

येतं, बिनधास्त जा. मी पहिल्यांदा नांदूरमध्यमेश्वरला (निफाड तालुका, गोदावरी-कादवा संगम) गेलो तेव्हा मला बगळा आणि बदक यापलीकडे काही कळत नव्हतं. गटात एक जाणकार असतोच; नवख्याच्या हाती वही-पेन येतं. नोंदी लिहिणारा माणूस मिळत नाही हो, दुर्बिणीवाले पुष्कळ असतात!

जानेवारीत होते ती आशियाई पाणपक्षी गणना. आपल्याकडे ती 1987 पासून चालू आहे.

मोजायचं कसं, हीच खरी गंमत. पाण्यावर शेकडो वारकरी (काळा देह, कपाळावर पांढरा टिळा) पसरलेले असतात. एकेक मोजत बसलात तर संपलंच. आधी दहा नीट मोजायचे, तेवढा थवा केवढा दिसतो ते डोळ्यांत बसवायचं आणि मग तसे किती तुकडे होतात ते पाहायचं. तेवढ्यात दलदली भोवत्या (शिकारी पक्षी) वरून घिरटी घालतो, सगळा थवा फडफडत उठतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

उजाडायच्या आत पोचा. भडक लाल-पिवळे कपडे नकोत. कानटोपी मात्र हवीच, निफाडची थंडी चेष्टा नाही. आणि पक्षी ओळखू आला नाही तर 'अनोळखी बदक, 12' असं लिहा. अंदाजाने नाव ठोकून देणारे लोक आकडेवारीची वाट लावतात.

एवढं लांब जमत नसेल तर फेब्रुवारीत चार दिवसांची परसबागेतली गणना असते. गच्चीत 15 मिनिटं बसून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ई-बर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) टाकायचे. कावळे-साळुंक्याही चालतात.