प्रार्थनेला सगळे एकत्र बसतच नाहीत

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. मी नोकरी करते. पतीची पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगा पंधरा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची. रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना व्हावी असा माझा आग्रह आहे, पण आठवडेच्या आठवडे ती होत नाही. झालीच तर पाऊण तास चालते. मुलगी पेंगते, मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालतो, मग मी रागावते. माझा स्वतःचा देवासोबतचा एकांत तर संपल्यातच जमा आहे. काय करू?
— एक वाचक भगिनी

उत्तर : सलाम, ताई. आधी तो पाऊण तास सोडून द्या. रात्री दहाला दमलेल्या आठ वर्षांच्या मुलीला तो झेपणारा नाही, आणि देवानेही तो कुठे मागितलेला नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांशी वचनांविषयी केव्हा बोलावं हे सांगितलंय : घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजता आणि उठता. म्हणजे दिवसात जे घडतच असतं, त्यातच. तुमच्या घरात रोज न चुकता होणारं एक काम निवडा. सकाळी निघण्याआधीची पाच मिनिटं, नाहीतर जेवण झाल्यावर ताटं उचलण्याआधीची. शास्त्र, म्हणजे बायबल, कपाटात नको, टेबलावर हाताशी असू द्या. आमच्याकडे ते तिथेच असतं, म्हणूनच उघडलं जातं.

वाचायला मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूची कथा सांगणारं पुस्तक, घ्या. सोळाच अध्याय आहेत आणि प्रसंग भराभर पुढे सरकतात. एका वेळी एकच प्रसंग वाचा. आमच्या धाकटीने एकदा विचारलं, "एवढ्या वादळात येशू झोपला कसा?" त्या दिवशी आम्ही पुढे वाचलंच नाही. दुसऱ्या दिवशीही त्याच नावेत थांबलो, कारण नावेतले शिष्यही जवळपास तेच विचारत होते : गुरुजी, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? मुलाने प्रश्न विचारला की वाचन खुशाल थांबू द्या. अध्याय संपवण्याची घाई कुणाला आहे?

आता मुलाविषयी. थोडं स्पष्ट विचारते, रागावू नका. त्याच्यादेखत तुम्ही प्रार्थनेत काय म्हणता? "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, याचा मोबाइल सुटू दे," असं? पुष्कळ घरांत हेच चालतं. मुलाला ती प्रार्थना वाटतच नाही, डोळे मिटून दिलेली बोलणी वाटतात. त्याच्याविषयीची काळजी तुमच्या एकांतात देवाला सांगा. सगळ्यांसमोर त्याच्यासाठी आभार माना, आणि कशासाठी प्रार्थना करू, हे त्यालाच विचारा. "काही नको" म्हणाला तर तेवढ्यावर सोडा.

त्याच्यासाठी आठवड्यातली एक वेळ मात्र वेगळी काढा, फक्त त्याची. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुझॅना वेस्ली यांनी हे केलं. त्यांना एकोणीस मुलं झाली, त्यांतली बरीच बालपणीच गेली. जी वाचली त्यांच्यातल्या प्रत्येकाशी बोलायला त्यांनी आठवड्यातली संध्याकाळ ठरवून दिली होती. जॉनचा वार गुरुवार. मेथोडिस्ट ही ख्रिस्ती चळवळ उभी करणारे जॉन वेस्ली ते हेच. मोठेपणीही आईला लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या गुरुवारची आठवण काढली. घरात एवढी माणसं असताना त्या माउलीने हे जमवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि तुमचा एकांत. मार्कच्या पहिल्या अध्यायात संध्याकाळी येशू होता त्या घराच्या दाराशी सगळं गाव लोटलं होतं. पहाटे अंधारातच तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत आला : "सगळे तुझा शोध करत आहेत." म्हणजे मागणारी माणसं संपली म्हणून त्याला वेळ मिळाला असं नाही. तुम्हालाही ती वेळ राखूनच ठेवावी लागेल. पहाट जमत नसेल तर कामाच्या ठिकाणची मधली सुट्टी चालेल. घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी हाक मारणार नाहीत.

यजमानांच्या पाळीमुळे चौघं रोज एकत्र येणार नाहीत, हे मान्य करून टाका. ते नसतील त्या दिवशी तिघांनी वाचायचं आणि तोच उतारा त्यांनी कामावर वाचायचा. आज काय वाचलं, ते बाबांना मुलीने फोनवर सांगू दे.