मांडीवरचं बाळ आणि माळ्यावरची कार सीट

ताई, तुमचा प्रश्न वाचला. देवरुखला राहता, बाळ सात महिन्यांचं, वजन आठ किलो, गाडी जुनी वॅगनआर, आणि नव्या कार सीटवर आठ-दहा हजार घालणं आत्ता जमणार नाही. फुकट किंवा स्वस्तात कुठे मिळेल, आणि "आमची सगळी पोरं मांडीवरच मोठी झाली" म्हणणाऱ्या सासूबाईंना काय सांगू, असं तुम्ही विचारलंय.

मी चिपळूणची. गेली नऊ वर्षं लोकांच्या घरात पडून राहिलेल्या कार सीट मागून आणते, तपासते आणि ज्यांना हव्या त्यांना वापरायला देते. आत्ता सात सीट फिरतीवर आहेत. कोणती कुठे आहे ते एका वहीत लिहिलेलं असतं, एवढाच काय तो कारभार. त्यामुळे अनुभवाने सांगते: विकत घ्यायच्या आधी मागा. आपल्याकडे सीटचा तुटवडा नाही. त्या ठाणे, डोंबिवली, बोरिवली, पुण्याच्या घरांत माळ्यावर पडल्यात.

मूल चार-पाच वर्षांचं झालं की सीट अडगळ होते. छोट्या फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नसते, टाकून द्यायला जीव होत नाही, आणि विकायची तर फोटो काढा, भाव करा, एवढा वेळ कोणाकडे असतो? ती तशीच पडून राहते. आपल्यापैकी प्रत्येकाचं निम्मं घर मुंबईत आहे. दीर, नणंद, मामेभाऊ, गावकीचा ग्रुप, माहेरच्या वाडीचा ग्रुप, सगळीकडे निरोप टाका. नुसतं "कोणाकडे कार सीट आहे का" असं लिहू नका, त्याला कोणी उत्तर देत नाही. असं लिहा: "बाळ सात महिन्यांचं, आठ किलो. जन्मापासून १८ किलोपर्यंत चालणारी कार सीट हवी आहे. अपघात झालेल्या गाडीतली नको. गणपतीला गावी येताना आणलीत तर उपकार होतील. आमचं झालं की परत देऊ." शेवटचं वाक्य सोडू नका. पुढेमागे दुसरं मूल होईल म्हणून लोक वस्तू धरून ठेवतात. परत मिळणार म्हटलं की हात मोकळा होतो. आणि बहुतेक जण नंतर म्हणतात, राहू दे, दुसऱ्या कोणाला तरी दे.

खेड, दापोली, मंडणगडकडची ओळखीची माणसं असतील तर त्यांनाही विचारा. तिकडची कितीतरी घरं आखातात आहेत, आणि तिथे सीट वापरायची सवय असते. परत येताना सामानातून आणलेल्या चांगल्या सीट मला तिकडूनच मिळाल्या आहेत.

दुसरा मार्ग आहेराचा. बारसं झालं असेल तुमचं, पण उष्टावण किंवा पहिला वाढदिवस अजून पुढे असेल. झबली, चांदीचे वाळे आणि आवाज करणारी खेळणी दहा घरांतून येतात. त्याऐवजी पाच-सहा जणांनी मिळून एक सीट द्यावी, असं घरातल्या मोठ्या माणसाकडून बोलवून घ्या. आपण सांगितलं तर मागितल्यासारखं वाटतं, आत्याबाईंनी सांगितलं तर कोणालाच वावगं वाटत नाही. माझ्या वहीतली पहिली सीट अशीच आली.

एखाद्याच प्रवासासाठी हवी असेल तर मुंबई-पुण्यात लहान मुलांच्या वस्तू भाड्याने देणारे आहेत, पण आपल्या बाजूला पोहोचवायला ते सहसा तयार नसतात. म्हणजे कोणी येणारं हवं. बाहेर देशांत काही ठिकाणी आरोग्य खातं किंवा संस्था गरजू घरांना सीट देतात आणि बसवून दाखवतात. इथे ते काम आपणच एकमेकांसाठी करायचं आहे.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लांबलचक लिहायला बसले ती सांगते. फुकट मिळाली म्हणून कोणतीही सीट घ्यायची नाही. जिचा इतिहास माहीत नाही ती सीट नको. अपघातात एकदा जोराचा ताण खाल्लेल्या सीटला बाहेरून काहीच दिसत नाही, पण आतल्या प्लास्टिकला केसाएवढी चीर किंवा थर्माकोलसारख्या थराला तडा गेलेला असू शकतो. म्हणून देणाऱ्याला सरळ विचारा, ही गाडीत असताना कधी ठोकर बसली होती का? ओळखीतला माणूस खरं सांगतो. ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या बाजारातला अनोळखी विकणारा सांगेलच असं नाही, म्हणून मी तिथून घेत नाही.

सीट हातात आली की आधी उलटी करा. खालच्या प्लास्टिकमध्ये घड्याळासारखं एक छोटं वर्तुळ कोरलेलं असतं, मधे वर्ष आणि बाण महिन्याकडे. ती बनवल्याची तारीख. साधारण सहा ते दहा वर्षं सीट चालते, किती ते कंपनीच्या पुस्तिकेत किंवा लेबलवर असतं. तारीखच सापडली नाही तर नमस्कार करून परत द्या. मग नारिंगी लेबल शोधा, त्यावर वर्तुळात ई हे अक्षर आणि शेजारी आकडा असतो. लेबलवर ४४ आणि मंजुरी क्रमांक ०३ किंवा ०४ ने सुरू होत असेल तर ती युरोपच्या जुन्या पण चालणाऱ्या प्रमाणाची. १२९ असेल तर नव्या प्रमाणाची, तिच्यावर वजनाबरोबर बाळाची उंचीही दिलेली असते. आपल्या देशाचं प्रमाण एआयएस ०७२. अमेरिकेतून आलेल्या सीटवर नारिंगी लेबल नसतं, म्हणून ती वाईट ठरत नाही. पण तिथल्या गाड्यांचे पट्टे पूर्ण ओढले की जागच्या जागी अडकतात, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे तसे अडकत नाहीत. त्यामुळे गाडीचा पट्टा पकडून ठेवणारा चाप सीटलाच आहे का ते बघून मगच घ्या.

मग पट्टे. कोकणातली हवा सगळ्या वस्तूंना खाते, तशी सीटलाही खाते. पावसाळाभर माळ्यावर राहिलेल्या सीटच्या पट्ट्यांवर काळे ठिपके आलेले असतात, बकलच्या लोखंडाला गंज चढलेला असतो, कधी उंदराने शिवणीचा दोरा कुरतडलेला असतो. पट्टा उजेडात धरून इंच इंच बघा. वरवरची बुरशी कोमट पाणी आणि साध्या साबणाने जाते. ब्लीच लावू नका आणि पट्टे मशीनला टाकू नका, त्याने धागा कमजोर होतो. शिवण उसवली असेल तर शिंप्याकडून शिवून घ्यायची नाही, ती सीट बाद. बकल दहा वेळा लावून-काढून बघा, दर वेळी स्पष्ट टक असा आवाज आला पाहिजे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा दोन सीट खाली ठेवलेल्या होत्या. त्यातली एक जेमतेम वर्षाची. पाणी उतरल्यावर मी त्या चार वेळा धुतल्या, सावलीत वाळवल्या. बाहेरून नव्यासारख्या दिसायला लागल्या. पण बकल दाबलं की आत बारीक वाळू करकरायची, आणि दहातल्या दोन वेळा ते लागल्यासारखं वाटून ओढलं की सुटायचं. दोन्हींचे पट्टे कात्रीने कापले आणि मगच भंगारात दिल्या, म्हणजे कोणी उचलून वापरणार नाही. पुराच्या पाण्यातून गेलेली सीट कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका. पट्टे कापायचं मात्र लक्षात ठेवा, उद्या तुमची सीट बाद झाली तर तुम्हालाही तेच करायचं आहे.

तुमच्या बाळाला सीट हवी ती तोंड मागे करून बसवता येणारी. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. धडक झाली की पुढे तोंड असलेल्या बाळाची मान सगळा ताण घेते. मागे तोंड असलं की पाठ, डोकं आणि मान मिळून तो सीटच्या पाठीवर जातो. १२९ या नव्या प्रमाणात किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे, आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर तसंच ठेवणं उत्तम. फक्त १३ किलोपर्यंतचं टोपलीसारखं कॅरिअर मिळालं तर ते थोडेच महिने पुरेल. १८ किलोपर्यंतची मिळाली तर एकाच सीटमध्ये साधारण चार वर्षं निघतात.

वॅगनआरमध्ये आधी बसवून बघा, मगच हो म्हणा. मागच्या सीटच्या पाठ आणि बैठकीच्या फटीत बोटं घाला, धातूची कडी लागली तर आयसोफिक्स आहे, म्हणजे सीट थेट गाडीच्या कडीत अडकवायची सोय. जुन्या गाडीत बहुधा नसेल, तेव्हा गाडीच्या पट्ट्यावर (सीटबेल्टवर) बसणारी सीट लागेल. तीही तितकीच चालते, फक्त बसवताना घाम निघतो. सीटवर पट्टा कुठून न्यायचा याच्या खुणा असतात, मागे तोंड असेल तर निळ्या, पुढे तोंड असेल तर लाल. काही गाड्यांत पट्टा निळ्या वाटेने फिरवला की बकलपर्यंत पोहोचतच नाही. तसं झालं तर ओढाताण करू नका, ती सीट तुमच्या गाडीसाठी नाही. पोहोचला तर सीटवर गुडघा दाबून पट्टा घट्ट ओढा. मग पट्टा जातो तिथे सीट धरून हलवा, एका इंचाहून जास्त हलता कामा नये. आणि पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, मागे तोंड केलेलं बाळ कधीही नाही.

बाळाला बसवताना आपल्याकडे एक चूक हमखास होते. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ तसंच सीटमध्ये ठेवतात आणि वरून पट्टे लावतात. पट्टा अंगाला लागतच नाही, कापडाला लागतो. आधी झबल्यावर पट्टे, खांद्याशी चिमटीत पट्टा पकडता येणार नाही इतके घट्ट, मग वरून हवं तर दुपटं. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा खालून यायला हवेत. उन्हात उभ्या गाडीत बकल चटका देतं, म्हणून सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवा. लांबच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढा.

विकतच घ्यावी लागली तर सर्वांत साधी, पण लेबल असलेली घ्या. गरागरा फिरणारी बैठक आणि लेदरचं कव्हर यांना पैसे लागतात, सुरक्षेची परीक्षा मात्र स्वस्त सीटनेही तीच दिलेली असते. ऑनलाइन सात-आठशे रुपयांना पट्टे लावलेली कापडी गादी "बेबी कार सीट" म्हणून मिळते. तिच्यावर एकही पैसा घालू नका. तिच्यात बाळाला धरून ठेवणारं काहीच नाही.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्या मायेनेच बोलतायत. माझी भाची दहा महिन्यांची असताना आम्ही संगमेश्वरहून येत होतो. पावसाची भुरभुर, वळणावर समोर म्हैस. भावाने करकचून ब्रेक मारला, वेग चाळीसच्या आसपास. भाची वहिनीच्या हातातून निसटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली. ओठ फाटला, दोन टाके पडले. वहिनी आजही म्हणते, मी तिला सोडली नाही, ती सुटली. आणि तो नुसता ब्रेक होता. ताशी ५० च्या वेगात खरी धडक झाली तर आठ किलोचं बाळ त्या क्षणी शंभर-दीडशे किलोच्या ओढीने पुढे जातं. तेवढं वजन कोणत्याच आईच्या हातात थांबत नाही.

आमच्या आईला हे आकडे पटले नाहीत. मग भावाने मोकळ्या पटांगणात गाडी नेली, आईला मागे बसवून पट्टा लावला, मांडीवर आठ किलो तांदळाची पिशवी दिली आणि सांगितलं, ही नात आहे, घट्ट धर. ताशी वीसवर ब्रेक दाबला. पिशवी खाली पायाशी जाऊन पडली. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, सीट आणा. सासूबाईंना असंच दाखवा, भांडण न होता काम होतं.

कायदाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालसीटने बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड. आपल्या रस्त्यावर कोणी अडवून विचारताना मी अजून पाहिलेलं नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

सीट मिळेपर्यंत मुंबईला जायचं झालं तर संगमेश्वर रोडहून रेल्वेने जा. बाळाला स्वतःच्या पट्ट्यात घेऊन एकच पट्टा दोघांना लावू नका, धडकेत आईचं सगळं वजन त्या पट्ट्यासकट बाळावर येतं.

माझ्याकडची करड्या रंगाची सीट सध्या गुहागरला आहे. १८ किलोपर्यंतची, पट्ट्यावर बसणारी, निळ्या-लाल खुणांची, २०२० ची. ते मूल आता पावणेचार वर्षांचं आहे, पुढच्या महिन्यात सीट परत येतेय. तुमच्या गाडीचा मागचा पट्टा पूर्ण ओढून किती लांब निघतो तेवढं मोजून कळवा. पुरत असेल तर वहीत पुढचं नाव तुमचं घालते.