‘दिवसभर नुसतं लिहीत बसतो’ म्हणून काळजीत पडलेल्या वडिलांना

नमस्कार,

उद्यमबागेतून आलेलं तुमचं पत्र मिळालं. चिरंजीव मराठी माध्यमातून दहावी झाला, मग बीसीए केलं आणि आठ महिन्यांपूर्वी बेळगावातच सर्व्हर सांभाळणाऱ्या एका कंपनीत लागला. आता साहेबांनी त्याला लिनक्स या संगणक-प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरला मोठं स्टोरेज कसं जोडायचं, ते पायरीपायरीनं लिहून काढायला बसवलंय. बरोबरचे मित्र पुण्यात कोडिंग करतात आणि हा कारकुनी करतो, तर राजीनामा देऊन पुण्यात क्लास लावायला सांगू का, असं तुम्ही विचारलंय.

सांगू नका. आत्ता तरी नाही.

तुम्ही लेथवर वीस वर्षं काढलीत असं लिहिलंय, म्हणून विचारतो. जुना सेटर अचानक नोकरी सोडून गेला, ड्रॉइंग कुठं सापडत नाही आणि जॉब उद्या सकाळी द्यायचाय, अशी वेळ तुमच्यावर कधी आली असेलच. सर्व्हर रूममध्ये ती माझ्यावर आली होती. मार्गदर्शनाचं काम हाती घेण्याआधी मी नऊ वर्षं तिथंच होतो. एका पावसाळी रात्री वीज गेली, थोड्या वेळानं यूपीएसही बसला. वीज आली, पण सर्व्हर अर्ध्यावर थांबून रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागत राहिला. डिस्कची नावं बदलली होती. लिनक्समधली एसडीबी, एसडीसी ही नावं कायमची नसतात, मशीन चालू होताना डिस्क ज्या क्रमानं सापडतील तशी ती मिळतात. मशीन चालू होताना कोणती डिस्क कुठं जोडायची याची यादी एफस्टॅब फाइलमध्ये असते, तिथं लावणाऱ्यानं नेमकं तेच नाव टाकलेलं. तो माणूस बंगळूरला गेलेला, फोन बंद, आणि लिहून ठेवलेलं एक पानही नाही. पहाट झाली तेव्हा सर्व्हर उभा राहिला. ती रात्र मी विसरलेलो नाही.

मोठ्या ठिकाणी डिस्क सर्व्हरच्या पोटात नसतात. त्या वेगळ्या कपाटात असतात आणि तिथून दोन वेगवेगळ्या स्विचमधून सर्व्हरपर्यंत वाटा येतात, म्हणजे एक तुटली तरी दुसरी चालते. प्रत्येक स्विचमधून दोन अशा चार वाटा असल्या, तर एकच डिस्क सर्व्हरला चार वेळा दिसते. मल्टिपाथ नावाची सोय त्या चारही वाटा एका नावाखाली आणते. नवख्या मुलाला चार डिस्क दिसल्या आणि त्यातल्या एकीला ‘रिकामी’ समजून त्यानं ती फॉरमॅट केली, तर चालू डेटा पुसला जातो. म्हणून कागदावर एसडीबी लिहायचं नसतं, त्या डिस्कचा कधीही न बदलणारा लांबलचक ओळख क्रमांक लिहायचा असतो. धोक्याची सूचना कमांडच्या आधी द्यायची, नंतर नाही, कारण माणूस वाचता वाचताच एंटर दाबतो.

कारणही लिहावं लागतं. नेटवर्कवरून जोडलेल्या आयस्कझी स्टोरेजमध्ये तुटलेली वाट परत येते का हे बघत थांबण्याची मूळ मुदत 120 सेकंदांची असते. मल्टिपाथ असताना इतका वेळ सगळं खोळंबून राहतं, म्हणून तो आकडा पुष्कळ कमी करतात. का कमी केला हे लिहिलं नसेल, तर पुढचा माणूस चूक समजून पुन्हा 120 करून ठेवतो. तसंच एक्सएफएस फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची एक पद्धत) वाढवता येते, लहान करता येत नाही. हे वाचणाऱ्याला आकार ठरवायच्या आधी कळायला हवं. असं लिहिणाऱ्याला यंत्र आतून कळावं लागतं. याला कारकुनी म्हणणं मला पटत नाही.

मात्र तुमच्या काळजीत एक गोष्ट खरी आहे. आज रात्री जेवताना त्याला एवढंच विचारा: ‘तू लिहितोस त्या कमांड तू स्वतः चालवून बघितल्यास का? एक केबल काढून बघितलीस का?’ ज्यानं बघितलंय तो लगेच सांगेल. केबल ओढली की मल्टिपाथच्या यादीतल्या चारपैकी दोन ओळींवर ‘फेल्ड’ येतं, पडद्यावरच्या शेजारच्या खिडकीत चाललेली फाइल कॉपी क्षणभर थबकते आणि पुन्हा पुढं सरकते. हे सांगताना त्याचा चेहरा बघा. पण तो म्हणाला की साहेब सांगतात आणि मी टाइप करतो, मशीनला हात लावू देत नाहीत, तर मग त्यानं साहेबांकडं टेस्ट सर्व्हर मागावा. सहा महिन्यांत मिळाला नाही, तर दुसरी नोकरी जरूर शोधावी.

इंग्रजीची भीती त्याला आहे असं तुम्ही लिहिलंय. या कामाला अलंकारिक इंग्रजी लागतच नाही. एका वाक्यात एकच कृती, आणि खाली ती केल्यावर पडद्यावर काय दिसलं पाहिजे ते. आपल्या सीमाभागातल्या ऑफिसांत मराठी, कन्नड, हिंदी बोलणारे एकाच टेबलावर असतात, त्याचा त्यानं फायदा घ्यावा. लिहिलेलं पान गोकाक किंवा चिक्कोडीकडच्या एखाद्या नवख्या सहकाऱ्याला द्यावं आणि आपण गप्प बसावं. तो जिथं मान वर करून ‘आता काय?’ विचारेल, तिथली ओळ कच्ची.

घरी लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरनं बनवलेले आभासी संगणक) उभी करून, एकीवर टार्गेटसीएलआय या प्रोग्रॅमनं आयस्कझी डिस्क तयार करून, दुसरीला दोन नेटवर्क कार्डांतून ती जोडता येते. त्यासाठी रॉकी किंवा अल्मा हे लिनक्सचे प्रकार फुकट मिळतात. या घरच्या मांडणीचं स्वतःचं टिपण तयार झालं, की मुलाखतीत तेच दाखवावं. कंपनीचे आयपी, पासवर्ड, स्टोरेजचे क्रमांक बाहेर नेऊ नयेत, आणि पासवर्ड तर कंपनीच्या कागदावरही लिहू नये.

मग आरएचसीएसए, म्हणजे रेड हॅट या लिनक्स कंपनीची प्रमाणपत्र परीक्षा. त्यात पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं. इंटरनेट मिळत नाही, मशीनमधली मॅन पानं (कमांडची माहिती देणारी पानं) वाचून पुढं जावं लागतं, आणि ती पानं वाचता येणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. रोज असंच लिखाण करणाऱ्या मुलाला ते जड जाणार नाही. पुढं सिस्टिम अ‍ॅडमिन, स्टोरेज अ‍ॅडमिन, किंवा लिखाणातच रमला तर टेक्निकल रायटर, या वाटा पुण्यातही आहेत आणि बंगळूरलाही, आणि आपण दोन्हींच्या दरम्यान, महामार्गावर बसलोय.

क्लासच्या फीसाठी बाजूला काढलेले पैसे सध्या तसेच ठेवा. त्याच्या लॅपटॉपमध्ये 8 जीबी रॅम आहे म्हणता, ती 16 करून द्या. दोन मशीन एकदम चालवायला त्याला आज तेवढंच हवंय.